ताबा

फुटबॉल मॅनेजर या संगणकावरच्या खेळाच्या 2020च्या आवृत्तीत आपल्या खेळाडूला काम नेमून द्यायचं असलं, की समोर कामांच्या नावांची एक यादी उघडते. तिच्यात लिबेरो आहे, रेजिस्ता आहे, मेत्साला आहे, त्रेक्वार्तिस्ता आहे. हे चौघे इटालियन. एन्गांचे आणि कारिलेरो स्पॅनिश, सेगुंदो व्होलांते पोर्तुगीज, राउमडॉयटर जर्मन. उरलेली नावं इंग्रजी. खेळ इंग्लंडात जन्मला, इंग्रजीतच लिहिला गेला, पण या आठ जणांना इंग्रजी करण्याच्या भानगडीत त्याचे कर्ते पडले नाहीत. ज्यांच्याकडून काम शिकले त्यांचाच शब्द ठेवला. अर्धं आयुष्य शब्द एका काठावरून दुसऱ्या काठावर नेण्यात घालवलेल्या बाईला ही यादी पाहून काय झालं असेल, ते या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात चेंडूला आपला पाय कधीच लागत नाही. आपण संघाचे प्रशिक्षक. माणसं निवडायची, मांडणी ठरवायची, सूचना द्यायच्या, आणि मग बाकावर बसून काय होतं ते बघायचं. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी 1992 साली तो ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ या नावाने बाजारात आणला, तेव्हा मैदान दिसतच नसे. सामना म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारी वाक्यं. 2003 मध्ये ठिपके पळू लागले, माणसांसारखे दिसणारे खेळाडू त्यानंतर काही वर्षांनी आले. मुळात हा वाचायचा खेळ आहे, आणि अजूनही त्यात बघण्यापेक्षा वाचणंच जास्त. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक ते वीसमधले गुण: पहिला स्पर्श किती, पास किती, निर्णय किती, डोकं किती थंड. गुण वाचायचे, माणूस ओळखायचा, त्याला झेपेल ते सांगायचं. सांगितलेलं तो तसंच करेल याची खात्री नाही. नाटककाराला हे दुःख जुनंच आहे.

तंजावरात मी 2019 पासून राहते. तमिळ कादंबऱ्या मराठीत आणायच्या तर इंग्रजीच्या खांद्यावरून वाकून वाचायच्या नाहीत, हा माझा हट्ट होता, आणि पुण्यात बसून तो पुरा होण्यासारखा नव्हता. जुन्या शहरात मेल वीदीच्या अलीकडे एका मराठी घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. मराठी म्हणजे इथली मराठी. सतराव्या शतकात एकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी घराणी इकडे आली त्यांपैकी एक. खाली आजी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू. आजी मराठी बोलतात. मुलगा आईशी मराठी, बायकोशी तमिळ. नातू सगळ्यांशी तमिळ. आजी मराठीत विचारतात, तो तमिळमध्ये उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. निदान आजी तसं दाखवत नाहीत. एकदाच, पोळी लाटताना (इथे पोळी म्हणजे पुरणाचीच, तमिळमध्येही तोच शब्द त्याच अर्थाने रुजला आहे), त्या म्हणाल्या होत्या की माझं बोलणं त्याच्या पोटात जातं, तोंडातून येत नाही.

हा नातू आणि मी एकाच खेळाला कसे लागलो ते सांगते. सप्टेंबर 2020 मध्ये, शाळा बंद असताना, एका ऑनलाइन दुकानाने फुटबॉल मॅनेजरची त्या वर्षीची आवृत्ती आठवडाभर फुकट वाटली. त्याने ती वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. पुढच्या आवृत्त्या त्या लॅपटॉपला झेपल्या नसत्या आणि त्या विकत घ्यायला कुणी पैसेही दिले नसते. त्यामुळे जग पुढे गेलं तरी हा 2019-20च्या हंगामातच राहिला. त्याचा संघ चेन्नई सिटी.

या संघाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आमच्या सगळ्या उद्योगाचं कारण तोच आहे. नाव चेन्नईचं, पण घरचे सामने कोइंबतूरला. सिंगापूरहून आलेले अकबर नवाझ प्रशिक्षक, संघात चार-पाच स्पॅनिश खेळाडू, बाकी बहुतेक आपल्याकडची तरुण पोरं. 2018-19च्या आय-लीगमध्ये हा संघ भारतातल्या बहुतेक संघांसारखा चेंडू हवेत भिरकावून त्याच्यामागे धावत नव्हता. जमिनीवरून, आखूड पास देत, मागून बांधत आणत होता. पेद्रो मांझीने 21 गोल केले. 9 मार्च 2019 रोजी कोइंबतूरला मिनर्व्हा पंजाबला 3-1 हरवून त्यांनी लीग जिंकली, ईस्ट बंगालपेक्षा फक्त एका गुणाने पुढे राहून. आय-लीग जिंकणारा तमिळनाडूचा तो पहिला संघ. त्यानंतर दोनच हंगाम. 2020-21 नंतर राष्ट्रीय लीगमध्ये हा संघ दिसला नाही. आता तो त्या जुन्या लॅपटॉपवर आहे, मांझीसकट. सरस्वती महालापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्यांना अशा गोष्टीचं नवल वाटत नाही.

तर त्या पोराला चेन्नई सिटी जशी खेळली तसं खेळायचं होतं: चेंडूवर ताबा ठेवून. एका संध्याकाळी तो वर आला आणि रेजिस्ता म्हणजे काय असं तमिळमध्ये विचारलं. मी मराठीत सांगितलं, कारण माझं बोलायचं तमिळ तेव्हा रिक्षावाल्यापलीकडे जात नव्हतं. रेजिस्ता म्हणजे दिग्दर्शक, नाटक-सिनेमाचा. बचावफळीच्या पुढे उभा राहून साऱ्या खेळाची दोरी हातात धरणारा. मग तो सूत्रधार, असं तो मराठीत म्हणाला. शब्द त्याला आजीच्या कीर्तनातल्या गोष्टींमधून ठाऊक होता. अट कुणीच घातली नाही, पण त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर खेळाचं बोलणं मराठीत होऊ लागलं. ‘तुम्ही’ म्हणायचा, तमिळमध्ये मोठ्यांना म्हणतात तसं, आणि मावशी म्हणायचा.

या खेळाची भाषांतरं बऱ्याच भाषांत झाली आहेत. भारतीय भाषा त्यांत एकही नाही. म्हणून आम्ही आमची यादी करू लागलो. लिबेरो सोपा, मोकळा. मेत्साला म्हणजे अर्धा पंख, म्हणून अर्धपंख्या. हा शब्द आला की आम्हाला हसू आवरत नसे, त्यामुळे मेत्साला मेत्सालाच राहिला. एन्गांचे म्हणजे आकडा, ज्याला मधली फळी आणि आघाडीची फळी अडकवायच्या. पण मराठीत आकडा म्हटलं की गणित आठवतं किंवा मटका, आणि पडद्यावर तर सगळीकडे आकडेच. व्होलांतेची गंमत मला सर्वांत आवडली: ब्राझीलमध्ये बचावफळीपुढच्या मधल्या खेळाडूला हे नाव पडलं ते फ्लामेंगोकडून खेळायला आलेल्या कार्लोस व्होलांते या अर्जेंटिनी खेळाडूमुळे. माणसाचं आडनाव, त्याचं झालं काम. आपल्याकडे कामाची आडनावं होतात, हे उलटं. इंग्रजी ‘फॉल्स नाइन’, म्हणजे आघाडीवर उभा असल्यासारखा दिसणारा पण प्रत्यक्षात मागे सरकून बचावपटूंना फसवणारा नऊ नंबर. त्याला मी तोतया म्हटलं आणि सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट सांगितली. हा शब्द त्याने लगेच उचलला.

अकरा माणसं, सहा भाषा आणि एकच चेंडू. या गावात हे पूर्वी होऊन गेलं आहे. शहाजीराजांच्या (कारकीर्द 1684 ते 1712) पंचभाषाविलास या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी एकाच रंगमंचावर येतात. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना मी त्याच्याकडे एक कुतूहलाची वस्तू म्हणून पाहिलं होतं. आता वाटतं, ते लिहिणाऱ्याला आजूबाजूला जे रोज ऐकू येत होतं तेच त्याने लिहिलं असणार.

आता मूळ शब्दाकडे येते. मराठी वार्ताहर ‘पझेशन’ला ताबा म्हणतात आणि दुसरा शब्द सुचतही नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात त्याचा अर्थ मागून चालणारा, अनुयायी. ताबेदार या शब्दात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ज्याच्याकडे ताबा तो धनी, आणि ताबेदार मात्र चाकर. तंजावरात हा शब्द कोर्टाच्या अंगानेही जड आहे. 1855 साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले, कंपनी सरकारने राज्य घेतलं आणि खासगी मालमत्तेचाही ताबा घेतला. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला: हे एका राज्यसत्तेचं कृत्य आहे, ते न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं कोर्टाच्या हातात नाही. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, पण मावशी, चेंडू आपल्याकडे ठेवायचा कसा?

बरोबर होता त्याचा प्रश्न.

त्याची वही मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. सूचना तो मराठीत लिहीत होता, पण तमिळ लिपीत. इथल्या कितीतरी घरांत असंच लिहितात, देवनागरी शाळेत शिकवलेलीच नसते. तमिळ लिपीत त, थ, द, ध या चौघांना मिळून एक अक्षर, आणि प, फ, ब, भ या चौघांना मिळून एक. वहीच्या पहिल्या पानावर मथळ्यासारखा एकच शब्द होता. मी तो ‘ताबा’ असा वाचला. तो म्हणाला, नाही, ‘दाबा’: चेंडू गेला की समोरच्याला लगेच दाबा. दोन्ही वाचनं त्या अक्षरांत सारख्याच हक्काने बसत होती. आणि तेवढ्यावर थांबत नाही. ‘धापा’ही बसतं, ‘थापा’ही बसतं. काटेकोर लिहिणारा असता तर शेवटच्या दोहोंसाठी त्याने प दुप्पट केला असता, पण हा पोरगा काटेकोर नाही. ताबा, दाबा, धापा, थापा: नव्वद मिनिटांत मैदानावर जे काही होतं ते बहुतेक सगळं त्या एका शब्दात आलं होतं.

आमची पहिली मांडणी अशी होती. चार बचावपटू, त्यांच्यापुढे सूत्रधार, त्याच्यापुढे दोघे, दोन्ही बाजूंना एकेक आणि मध्ये तोतया. सूचना: पास आखूड, लय संथ, गोलरक्षकाने चेंडू लांब न मारता जवळच्या बचावपटूला द्यायचा, आणि पेनल्टी क्षेत्रात शिरेपर्यंत गोलवर मारायचं नाही. खेळाच्या या आवृत्तीत प्रत्येक कामाला एक वृत्तीही जोडावी लागते: बचाव, साथ किंवा चढाई. चेंडू ठेवायचा तर प्रत्येकाला जवळ साथीदार हवा, म्हणून त्याने नऊ जणांना ‘साथ’ देऊन टाकली. वाचताना ते फार चांगलं वाटत होतं.

पहिल्या आठ सामन्यांत आमचा ताबा सरासरी 64 टक्के आणि गोल पाच. दोन सामने बिनगोल. पडद्यावर दिसायचं ते असं: समोरचा संघ आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर दोन ओळी करून निवांत उभा, आणि आमचा चेंडू डाव्या बचावपटूकडून मधल्याकडे, तिथून दुसऱ्या मधल्याकडे, तिथून उजव्याकडे, पुन्हा परत. घोड्याच्या नालेच्या आकारात फिरणारा चेंडू. साथ द्यायला सगळे चेंडूजवळ आलेले, आणि पुढे कुणीच नाही. मग 83व्या मिनिटाला त्यांच्या एका लांब फटक्यावर आम्ही हरायचो.

हे फक्त आमच्याच बाबतीत होत नव्हतं, याचा त्या पोराला थोडा दिलासा मिळाला. 2018च्या विश्वचषकात स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले आणि पेनल्टीवर घरी गेले. चार वर्षांनी कतारमध्ये मोरोक्कोविरुद्ध पुन्हा हजारावर पास, गोल शून्य, पुन्हा पेनल्टीवर घरी; त्या वेळी तर पेनल्टीचाही एक गोल झाला नाही. ज्या पेप ग्वार्दिओलाच्या नावावर हे सगळं खपवलं जातं, त्याला स्वतःला पाससाठी पास देण्याचा तिटकारा आहे. त्याच्या बार्सेलोनात चेंडू फिरायचा तो समोरच्याला जागेवरून हलवण्यासाठी. चेंडू डावीकडे ठेवायचा, सगळे डावीकडे ओढले गेले की उजवीकडे मोकळं होतं. चेंडू राखणं हे आमिष.

भाषांतराच्या टेबलावर हे मला रोज दिसत होतं, म्हणून मी जरा जास्तच गुंतले. तेव्हा हातात जी तमिळ कादंबरी होती तिची वाक्यं लांब, कृदंतांच्या साखळीने क्रियापदापर्यंत सावकाश पोचणारी. मी प्रत्येक कृदंत राखत होते. ‘करून, जाऊन, बसून, पाहून’ अशी माळ. एकही शब्द सुटला नव्हता आणि वाक्य पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरच फिरत होतं.

दुरुस्त्या एकदम झाल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात एप्रिलभर दुपारी वीज जायची, लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकायची, आणि एक सामना कसाबसा पुरा व्हायचा. पण त्याने एका वेळी एकच गोष्ट बदलायची शिस्त पाळली, मोठ्या माणसांनाही न जमणारी. आधी दोन्ही कडांचे खेळाडू रेषेला चिकटवून ठेवले, म्हणजे समोरच्या ओळींना रुंद व्हावं लागेल. मग पेनल्टी क्षेत्राची अट काढली, कारण ज्यांचा पहिला स्पर्श वीसपैकी आठ आहे त्यांना गर्दीत चेंडू खेळायला सांगणं म्हणजे तो हरवायला सांगणं. खेळाडू आपल्या लीगचे, सूचना बार्सेलोनाच्या, हे जुळत नव्हतं. मग लय. तो लहानपणी चार वर्षं मृदंगम शिकला आहे. लयीचा सरकता काटा हलवताना तो ‘फास्ट-स्लो’ म्हणत नव्हता. चौककाळात सगळे झोपतात, मध्यमकाळ करू या, असं म्हणाला. हा माझ्या यादीतला सर्वांत नेमका अनुवाद, आणि तो मी केलेला नाही.

मग तिसरा माणूस. ही कल्पना खेळात कुठे बटण म्हणून नाही, ती मांडणीतून घडवावी लागते. सूत्रधाराला तोतयाकडे चेंडू द्यायचा आहे, मध्ये माणूस आडवा आहे. मग तो चेंडू आधी मेत्सालाला देतो, मेत्साला एका स्पर्शात तो तोतयाच्या वाटेवर ठेवतो. थेट वाट बंद, पण तिसऱ्यामुळे ती उघडते. बोलता बोलता त्याने विचारलं, तुमचं पण असंच ना मावशी, तमिळमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत? तो माझ्या कपाटातली पुस्तकं पाहत होता. खरं आहे, तमिळमधून मराठीत आलेलं बरंचसं साहित्य त्या वाटेने आलं, आणि ते आलं नसतं तर मला तमिळ शिकायची इच्छाही झाली नसती. माझा हट्ट मात्र यामुळे सुटलेला नाही. तिसऱ्या माणसाचं सगळं कौशल्य एका स्पर्शात आहे. इंग्रजी सहसा चेंडू एका स्पर्शात सोडत नाही. तो पायात घेते, दोनदा वळते, प्रेक्षकांकडे बघते, आणि मग देते तेव्हा समोरची जागा बंद झालेली असते.

सर्वांत मोठा फरक पडला तो त्याच्या वाचनाने. ताबा म्हणजे आपल्याकडे चेंडू असताना काय करायचं, हे मी धरून चालले होते. तो ‘दाबा’कडून निघाला. बचावाची ओळ वर आणली आणि चेंडू गेला की पहिले काही क्षण तिथल्या तिथे तुटून पडायचं ठरवलं. चेंडू त्यांच्याच अर्ध्यात परत मिळू लागला, त्यांच्या दोन ओळी बांधून व्हायच्या आत. पुढच्या दहा सामन्यांत आमचा ताबा 64 वरून 57 टक्क्यांवर आला आणि गोल एकोणीस झाले. धापाही दिसू लागल्या: सत्तराव्या मिनिटानंतर खेळाडूंची ताकद दाखवणारे आकडे झरझर उतरायचे, म्हणून दर सामन्यात दोघांना तरी बाकावर आणावं लागे.

राहिला राउमडॉयटर. हा शब्द थोमास म्युलरचा. 2011 मध्ये एका मुलाखतीत स्वतःबद्दल बोलताना त्याने तो वापरला. राउम म्हणजे जागा, अवकाश. डॉयटर म्हणजे अर्थ लावणारा. जर्मन कानाला त्यात ट्राउमडॉयटर, म्हणजे स्वप्नांचा अर्थ लावणारा, ऐकू येतो, आणि त्याच्यामागे फ्रॉईड उभा असतो. म्युलर वेगवान नाही, ड्रिबलिंग बेताचं, पण जिथे चेंडू येणार आहे आणि जिथे कुणीच नाही तिथे तो असतो. मैदानावरचा खरा दुभाषा. मी ‘अवकाशवाचक’ काढून पाहिलं, ‘जागाजोखता’ काढून पाहिलं. एकही तोंडात बसेना. एका सामन्यात चेंडू तिकडे गेला तेव्हा तो पटकन म्हणाला, वेळीवाला! तमिळमध्ये वेळि म्हणजे मोकळी जागा, बाहेरचं, पसरलेलं. मराठीत मला ऐकू आला तो वेळेवर पोचणारा. तो जागेबद्दल बोलत होता, मी वेळेबद्दल ऐकत होते, आणि पडद्यावरचा तो खेळाडू नेमकं दोन्ही करत होता. इंग्रजीला जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी जर्मन शब्द ठेवला. आमच्या यादीत त्याच्यापुढे आता वेळीवाला आहे. हा शब्द फक्त दोन भाषा येणाऱ्यालाच पुरता कळतो, म्हणजे या गावाबाहेर फारसा कुठे चालणार नाही. चालू नये असंही थोडं वाटतं.

त्या हंगामात आम्ही तिसरे आलो. फार काही नाही, पण सुरुवात पाहता बरं. शेवटच्या घरच्या सामन्यात तोतयाने दोन गोल केले. तो आरडाओरडा करत खाली गेला आणि मला जिन्यातून ऐकू आलं: आजींनी विचारलं कोण जिंकलं, रोज विचारतात तसं, आणि हा उत्तेजित होता म्हणून असेल, वरच्या मजल्यावरचं बोलणं तोंडात होतं म्हणून असेल, मराठीतच म्हणाला की आपण जिंकलो, तोतयाने दोन मारले. आजींनी विचारलं, तोतया कोण? मग त्याने आधी नऊ नंबर म्हणजे काय ते सांगितलं. मग तो पुढे असल्याचं सोंग करून मागे कसा येतो ते सांगितलं. मग पानिपत, मग भाऊसाहेब, मग त्यांचं सोंग घेऊन आलेला माणूस. मध्ये मध्ये तमिळ क्रियापदं घुसत होती आणि आजी ती बदलून देत होत्या, टोकत नव्हत्या, नुसत्या ‘हो का’ म्हणताना योग्य रूप म्हणायच्या. वीसेक मिनिटं हे चाललं. मी जिन्यात उभी होते, खाली गेले नाही.

शेवटी आजींनी विचारलं की त्या तोतयाला पुढे शिक्षा काय झाली. त्याला ते माहीत नव्हतं. उद्या मावशींना विचारतो म्हणाला, तेही मराठीत.

यंदा तो बारावीला आहे, पुढच्या वर्षी बहुतेक कोइंबतूरला जाईल, लॅपटॉप घेऊन. वही कुणाकडे राहणार यावर अजून बोलणं झालेलं नाही. कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात मी निम्मी कृदंतं सोडून दिली आहेत, आणि वाक्यं क्रियापदाला पोचू लागली आहेत. पुढचा सामना ऐझॉलशी आहे, त्यांच्या मैदानावर. तिथलं गवत कृत्रिम, चेंडू जलद सरकतो, आणि मध्यमकाळ ठेवावा की एक घर खाली यावं यावर आमचं एकमत नाही. त्याचं म्हणणं, ठेवावा. सूत्रधाराचा पहिला स्पर्श अकरा आहे, मला तो पुरेसा वाटत नाही.